खुर्ची, सजदा आणि आठ किलो

रमजान लागला की आमच्या घरात एक प्लास्टिकची खुर्ची भिंतीपासून हलायची नाही. ती माझी. गुडघे दुमडेनात म्हणून चार वर्षं मी नमाज खुर्चीवर बसून पढत होते. रमजानमध्ये रात्री इशाच्या नमाजनंतर तरावीह असते, आमच्याकडे वीस रकात. एका रकातीत दोन सजदे, म्हणजे चाळीस वेळा कपाळ जमिनीला टेकवायचं. मी आपली खुर्चीत बसून पुढे वाकायची. आजारी माणसाला ही सवलत आहेच, त्यात काही चूक नाही. तरी बाजूला सून झपकन सजद्यात जायची तेव्हा मला खुर्ची बोचायची.

डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि आधी मला वजनकाट्यावर उभं केलं. उंची पाच फूट एक इंच, वजन 81 किलो. "एक किलो उतरवलंत तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोनं कमी होतो," ते म्हणाले. हा हिशेब अमेरिकेत गुडघेदुखीच्या वजनदार रुग्णांवर झालेल्या अभ्यासातला, 2005 सालचा. मला मात्र तो आमच्या लोधिवलीच्या घराच्या पायऱ्या मोजताना कळला.

रमजान तोंडावर होता. म्हटलं, तीस दिवस रोजे ठेवायचेच आहेत, वजन आपोआप उतरेल. ईदच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर उभी राहिले तर 82! शेजारच्या काकूंना सांगितलं तर पदर तोंडाला लावून हसल्या. "अगं, आमच्याकडे म्हणतात ना, एकादशी अन् दुप्पट खाशी. माझी साबुदाण्याची खिचडी आणि तुझे सामोसे, दोघींचा उपवास सारखाच."

त्या काळात काकूंच्या फोनवर डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे व्हिडिओ फिरत होते. कै. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवरून त्यांनी महाराष्ट्रभर पोचवलेला नियम तुम्हालाही ठाऊक असेल: दिवसातून दोनदाच खा, आणि प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवा. काकू म्हणाल्या, "तुमचा रोजा म्हणजे तेच की! सहेरी आणि इफ्तार." ऐकायला बरं वाटलं. पण खरं बोलायचं तर माझं इफ्तार पावणेसातला सुरू व्हायचं आणि अकरापर्यंत चालायचं. खजूर, लाल सरबत, कांदाभजी, सामोसे. मग जेवण, मग चहा, मग कुणी आणलेली फिरनी. बऱ्यापैकी आकाराच्या एका सामोशात दोनशेच्या वर कॅलरी असतात आणि मी तो कधी एकटा खाल्ला नाही. सहेरीनंतर पुन्हा झोप. दिवसभर उपाशी, म्हणून हालचालही कमी.

ती ईद झाल्यावर मी ठरवलं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि जी आयुष्यभर जमेल तीच.

पहिली गोष्ट चहा. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. दीडवर आले, दोन महिन्यांनी एकावर. घरात कुणाला कळलंही नाही. चार चमचे साखर वाचली म्हणजे सत्तरेक कॅलरी. एवढ्याशानं काय होणार? इथे घाई करणारा फसतो. अमेरिकेतल्या केविन हॉल या संशोधकानं 2011 मध्ये याचं गणित मांडलं: रोजच्या खाण्यातून शंभर कॅलरी कायमच्या कमी केल्या, तर शेवटी साधारण साडेचार किलो उतरतात. पण त्यातले निम्मे पहिल्या वर्षात आणि बाकीचे पुढच्या दोनेक वर्षांत. म्हणजे पहिल्या महिन्यात काटा जेमतेम हलतो. तिथेच आपण "काही उपयोग नाही" म्हणून सोडून देतो. मीही दोनदा सोडलं होतं.

मग भात. आपला भाग भाताचा. कर्जतच्या संशोधन केंद्रानं भाताच्या जाती काढल्या, त्यांना नावही कर्जतचंच मिळालं. माझी आजी लावणीला दिवसभर चिखलात वाकायची आणि रात्री डोंगराएवढा भात जेवायची, तांदळाची भाकरी वेगळी. तिच्या अंगावर मूठभर मांस नव्हतं. आमचं ताट तिचंच राहिलं, चिखल मात्र गेला. घरातले पुरुष पाताळगंगेच्या कारखान्यात कंपनीच्या बसने जातात, बायका मिक्सरवर वाटण करतात. भात सोडणं मला शक्य नव्हतं. डाव लहान केला आणि कमी झालेल्या जागेत वालाचं बिरडं वाढलं.

बारीक दिसणाऱ्यांनीही गाफील राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं. अंगातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2. म्हणून आपल्याकडे काट्याइतकीच कमरेची टेप महत्त्वाची: बाईची कंबर 80 सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषाची 90 च्या वर गेली की जागं व्हायचं.

पुढचा रमजान आला तेव्हा तळण बंद केलं नाही, फक्त शुक्रवार-रविवारवर आणलं. नातवंडं दोन दिवस रुसली. दुसरा बदल तर जुनाच आहे, आम्ही विसरलो होतो: खजूर आणि पाण्याने रोजा सोडायचा, मगरिबची नमाज पढायची, आणि मग ताटावर बसायचं. मधल्या दहा-पंधरा मिनिटांत भुकेचा पहिला झटका ओसरतो. पैगंबरसाहेबांची शिकवण आहे की पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, त्यांचे वैद्यही वाग्भटाचं नाव घेऊन तेच सांगतात, फक्त तिथे चार भाग: दोन अन्नाचे, एक पाण्याचा, एक रिकामा. वाटणीवरून आमचं भांडण नाही.

काकूंबरोबर चालणंही सुरू झालं. हायवेच्या ट्रकांपासून लांब, आतल्या रस्त्याने, समोर इर्शाळगड दिसतो तिथपर्यंत आणि परत. सुरुवातीला पंधरा मिनिटं, आता पस्तीस. रमजानमध्ये वेळ बदलून इफ्तारनंतर जातो. काकू माझ्यासाठी थांबतात, स्वतः मात्र एकादशीला आता खिचडीऐवजी राजगिऱ्याची भाकरी खातात.

एक सांगायलाच हवं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर रोजा असो की एकादशी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नका. रोजात साखर एकदम खाली गेली तर रोजा सोडायलाही धर्माची मोकळीक आहे.

अडीच वर्षं झाली. काटा 73 वर आहे. अजून बरंच उतरवायचंय आणि मधल्या एका लग्नसराईत दोन किलो परत चढलेही होते. यंदा शिमगाही रमजानच्या महिन्यातच आला. काकूंनी पुरणपोळ्या पाठवल्या, मी अर्धी खाल्ली, तूप लावून.

काल रात्री तरावीहच्या पहिल्या आठ रकाती जमिनीवर झाल्या. नवव्या रकातीला गुडघा कुरकुरला, तेव्हा सुनेनं न सांगता खुर्ची पुढे सरकवली.