मनाची लहान पाटी

सत्तेचाळीस गुणिले सहा किती, असे शिक्षकांनी तोंडी विचारले की विद्यार्थी प्रथम चाळीस सक दोनशे चाळीस हे काढतो. ते मनात राखून तो सात सक बेचाळीस करतो आणि दोहोंची बेरीज करून दोनशे ब्याऐंशी असे उत्तर देतो. उत्तर सांगून होताच दोनशे चाळीस हा मधला आकडा मनातून पुसला जातो. माहिती काही क्षण जपणे आणि त्याच वेळी तिच्यावर काम करणे, या मनाच्या शक्तीस मानसशास्त्रात कार्यकारी स्मृती म्हणतात. ही जणू मनाची पाटीच होय. मात्र ती फार लहान आहे.

पाटीचे भाग

या स्मृतीची रचना ॲलन बॅडली व ग्रॅहॅम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडली. त्यांच्या मते, ऐकलेले शब्द व आकडे मनातल्या मनात घोकून जपणारा एक भाग असतो. आकृती आणि जागा ध्यानात ठेवणारा भाग वेगळा असतो. या दोहोंवर लक्ष ठेवणारा, कोणत्या कामाकडे अवधान द्यावे हे ठरविणारा तिसरा भाग म्हणजे मध्यवर्ती नियंत्रक. नव्या माहितीची जुन्या ज्ञानाशी सांगड घालणारा चौथा भाग बॅडली यांनी २००० मध्ये त्यात जोडला.

मर्यादा किती?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ही मर्यादा सुमारे सात घटकांची असल्याचे दाखविले. घोकण्यास वा गट पाडण्यास वाव नसेल, तर ती चारच्या आसपास येते, असे नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये प्रतिपादन केले. दहा आकडी दूरध्वनी क्रमांक आपण तुकडे पाडून सांगतो, त्याचे कारण हेच.

लक्ष विचलित झाल्यास पाटी त्वरित पुसली जाते. १९५९ मध्ये लॉइड व मार्गारेट पीटरसन यांनी प्रयोगात लोकांना तीन अक्षरे सांगून लगेच उलटे आकडे मोजावयास लावले. अवघ्या १८ सेकंदांत बहुतेकांना ती अक्षरे आठवेनाशी झाली.

वर्गातील अनुभव

लहान मुलांची ही क्षमता प्रौढांपेक्षा कमी असते व वयानुसार वाढत जाते. मराठी संख्यानामांत एक अडचण आहे. ‘सत्तेचाळीस’ या शब्दात सात आधी ऐकू येतो, लिहिताना मात्र चार आधी लिहावा लागतो. तेवढा वेळ सात मनात धरून ठेवताना नवशिक्या मुलाकडून ४७ ऐवजी ७४ लिहिले जाण्याचा संभव असतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनपद्धती आली, तेव्हा राज्यभर झालेल्या चर्चेच्या मुळाशी संख्यानामांची हीच अवघडता होती.

‘वह्या काढा, मागचे पान उघडा, तिसरे उदाहरण सोडवा आणि उत्तराखाली रेघ मारा’ अशी सूचना एका दमात दिली, तर काही मुले पहिली दोन कामे करून थांबतात. त्यांस मंद वा बेशिस्त ठरविणे हा त्यांच्यावर अन्याय होय. सूचना एकेक करून द्यावी, फळ्यावर लिहावी, मुलाकडून ती वदवून घ्यावी. पाढे पाठ असण्याचा लाभही येथेच कळतो. पाठ असलेला पाढा दीर्घकालीन स्मृतीतून आयता मिळतो, त्यामुळे पाटीवरील जागा उदाहरणातील विचारासाठी मोकळी राहते.

कार्यालय व ग्रामसभा

हाच नियम मोठ्यांनाही लागू आहे. एखाद्या योजनेसाठी लागणारी सात-आठ कागदपत्रे ग्रामस्थास तोंडी सांगितली, तर घरी पोहोचेपर्यंत त्यांतील काही विसरली जातात. एका कागदासाठी त्यास पुन्हा खेप घालावी लागते आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. कागदपत्रांची यादी ठळक अक्षरांत फलकावर लावणे, ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती दोन-तीन टप्प्यांत समजावून देणे आणि ग्रामसभेत एक विषय संपल्यावरच दुसरा घेणे, एवढे केले तरी पुष्कळ हेलपाटे वाचतील. ही पाटी मोठी करणे आपल्या हाती फारसे नाही. तिच्यावर एका वेळी किती लिहावयाचे, हे मात्र सांगणाऱ्याच्या हाती आहे.