किद्दुशचा पेला आणि आपल्या गोळ्या

गोलानच्या डोंगरउतारावरचे काही द्राक्षमळे १००० मीटरहून उंच आहेत. तिथल्या थंड रात्रींमुळे द्राक्षे सावकाश पिकतात, आंबटपणा टिकतो. काळी द्राक्षे सालीसकट आंबवतात. वाईनचा लाल रंग आणि तुरटपणा सालीतूनच येतो. रसातल्या साखरेचे मद्य होते, साधारण १३-१४ टक्के.

चवीला उत्तम, पण मी नर्स म्हणून सांगते, ते औषध नव्हे. झोपेच्या गोळीबरोबर घेतल्यास तोल जातो. रक्त पातळ करणाऱ्या कुमाडिनबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो. इन्शुलिन घेणाऱ्यांची साखर उपाशीपोटी एकदम उतरू शकते. अशांनी किद्दुशला द्राक्षरस घ्यावा, नाहीतर आपल्या आयांसारखे काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करावे. ब्राखा तीच. मधुमेह असेल तर हेही गोडच, म्हणून बेताने. आणि गोळ्यांची यादी डॉक्टरांना एकदा दाखवाच.