बावखलाच्या काठी

वसईचा हिरवा पट्टा आणि पाणी वाचवण्यासाठी झालेल्या 'हरित वसई' चळवळीचं नाव निघालं की लोकांना मोर्चे आठवतात, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची भाषणं आठवतात. मला आधी आठवते गाठी मारलेली सुंभाची दोरी. १९८९ साली मी एकोणीस वर्षांचा होतो. रविवारची मिस्सा आटोपली की आम्ही चार-पाच जण सायकली काढायचो आणि गास, भुईगाव, गिरीज, वाघोली अशा गावांतल्या विहिरींत दोरी सोडायचो. दर हातभर अंतरावर एक गाठ. कोरड्या गाठी किती, ओल्या किती, ते वहीत टिपायचं. मग ओंजळभर पाणी चाखायचं. मचूळ लागलं की त्या विहिरीपुढे फुली.

एप्रिल-मेमध्ये फुल्या वाढत. वाड्यांतल्या विहिरींवर पंप लावून पाणी उपसलं जाई आणि टँकरने स्टेशनजवळच्या नव्या वसाहतींना विकलं जाई. तिथल्या रहिवाशांवर मी कधीच रागावलो नाही. त्यांना घरं मिळाली होती, नळ मिळाले नव्हते. पण किनाऱ्यालगतच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. वरची पातळी एक मीटर उतरली, तर खालचं खारं पाणी सुमारे ४० मीटर वर सरकू शकतं, असा शास्त्राचा हिशेब आहे. आमच्या आजीला तो हिशेब ठाऊक नव्हता. पानवेलीच्या पानांच्या कडा करपलेल्या दिसल्या तेव्हा ती एवढंच म्हणाली, "विहीर बिघडली रे."

या पाण्याचं मर्म बावखलांत आहे, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे. घराचं जोतं आणि वाडीची जमीन उंच करायला पूर्वजांनी माती काढली, त्या खड्ड्यांची बावखलं झाली, असं जुनी माणसं सांगत. पावसाळ्यात ती तुडुंब भरत आणि पुढे महिनोन्महिने आजूबाजूच्या विहिरींना पाझर देत. काठावर रहाट. बैल गोल फिरू लागला की गाडगी एकामागून एक वर येत, पन्हळीत रिती होत आणि पाटाचं पाणी केळी, पानवेल, मोगऱ्यापर्यंत पोहोचे. पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या रहाटाची करकर ऐकू यायची. ज्या रजेळी केळ्यांची सुकेळी वसईबाहेरचे लोक इतक्या आवडीने खातात, ती केळीही याच पाण्यावर वाढली. साठवण, सिंचन आणि विहिरींचं पुनर्भरण या तिन्ही गोष्टी करणारी इतकी साधी रचना मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

बाकी इतिहास थोडक्यात. हरित पट्टा बांधकामाला खुला होऊ लागला, १९९० साली सिडको नियोजन प्राधिकरण म्हणून आली, २००९ साली महानगरपालिका झाली. आमच्या चळवळीआधी देशात चिपको आणि सायलेंट व्हॅली ही आंदोलनं होऊन गेली होती. भोपाळची वायुदुर्घटनाही घडली होती, त्यामुळे पर्यावरण हा शब्द आमच्या कानावर होता.

पण शब्द कानावर असणं वेगळं आणि धमक्या येत असताना उभं राहणं वेगळं. फादर उभे राहिले. 'सुवार्ता' मासिकाचा हा संपादक पाण्याचा प्रश्न देवळाच्या पायरीवर आणि चर्चच्या अंगणात सारख्याच तळमळीने मांडत असे. हिंदू-ख्रिस्ती एका मोर्चात चालले, हे मला या चळवळीचं सगळ्यात मोठं यश वाटतं. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा आमच्या गावांत घरचं कार्य असल्यासारखा आनंद होता. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले.

त्यानंतरच्या रविवारी कपाटातून जुनी वही काढली आणि तिच्यातल्या गावांतून फिरून आलो. कितीतरी ठिकाणी बावखलावर भराव पडलाय. एकावर वाहनतळ झालाय. एका वाडीत मात्र पाणी होतं, काठावर माड होते आणि शेजारच्या विहिरीचं पाणी आजही गोडं लागलं.

ज्यांच्या आवारात अजून बावखल शिल्लक आहे, त्यांना हात जोडून सांगतो: ते बुजवू नका. येत्या पावसाआधी त्यातला गाळ काढा.