आतड्याचं ऑपरेशन झालं, पण हे कुणी बोलत नाही



धार जिल्ह्यातली धरमपुरी असो की देवासचं नेमावर, काठावरच्या आपल्या पुरुषांची सवय एकच. ऑपरेशनचं सगळं सांगतील, लघवीचं आणि नवरा-बायकोमधलं मात्र गिळून बसतील. आपल्या एका नाववाल्या दादांचं मलाशयाच्या गाठीचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. पोटावर बारीक टाके, महिन्यात हिंडू-फिरू लागले. पण वहिनींशी पाच महिने नीट बोलेनात. वहिनींना वाटलं, आपलंच काही चुकलं. दादांना विचारूनच हे लिहितोय.

मलाशय म्हणजे आतड्याचा अगदी खालचा भाग. त्याला लागूनच लघवीच्या आणि ताठरतेच्या नसा जातात, केसासारख्या बारीक. १९८२ साली ब्रिटनचे सर्जन बिल हील्ड यांनी भोवतालच्या चरबीसकट मलाशय अखंड सोडवून काढायची पद्धत मांडली. या पद्धतीत नसा दिसतात, वाचवता येतात. तरी त्या ताणल्या जातात, सुजतात. शेक (रेडिएशन) दिला असेल तर त्रास वाढतो. गाठ वर, मोठ्या आतड्यात असेल तर हा धोका बराच कमी.

दुर्बिणीने कातडी लवकर भरते, नसा नाही. लघवीची नळी काढल्यावर लघवी अडली तर पुन्हा नळी घालतात, बहुतेकांचं काही दिवसा-आठवड्यांत जमतं. ताठरतेला सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात. काहींची पूर्ण परत येत नाही, पण त्यावर गोळ्या आणि इतर उपाय आहेत. फक्त मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नका. छातीत दुखण्यासाठी नायट्रेट घेणाऱ्याचं बीपी त्या गोळीने जिवावर बेतेल इतकं खाली जातं.

ऑपरेशनआधी डॉक्टरांना सरळ विचारा, "नसा वाचतील का?" मूल हवं असेल तर वीर्य साठवून ठेवायचंही तेव्हाच विचारा, शेक सुरू व्हायच्या आधी.

टाके लहान म्हणून जाळं ओढायला, इंजिन उचलायला जाऊ नका. साधारण सहा आठवडे जड काम बंद, पुढे डॉक्टर सांगतील तसं. आणि गाठ कॅन्सरची असेल तर "१६ जूनला मासेमारी बंद झाली की करू" म्हणत थांबू नका.

ताप, पोट फुगणं, उलट्या किंवा लघवी बंद झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. नाव हाकायला माणूस मिळत नसेल तर संस्थेत सांगा, आम्ही बघतो.