गुडघेदुखी आणि सायकलची सीट

हुबळीहून धारवाड जेमतेम 20 किलोमीटर, पण उंचावर. उणकल मागे पडले की चढावर अनेकांचे गुडघे बोलू लागतात. दोष चढाला दिला जातो, असतो मात्र बहुधा सीटच्या उंचीचा. सीट खाली असली की पॅडल वर येताना गुडघा जास्त दुमडतो आणि दुमडलेल्या गुडघ्यावर जोर दिला की वाटीवर ताण येतो. पॅडल अगदी खाली असताना त्यावर टाच टेकवून पाय सरळ होईल, इतकी सीट वर घ्या. मग चवड्याने पॅडल मारताना गुडघ्यात 25 ते 35 अंशांचा बाक उरतो, आणि तेवढा हवाच.

‘मग पाय जमिनीला टेकणार कसे?’ गर्दीच्या रस्त्यावर ही शंका रास्त आहे. थांबताना सीटवरून पुढे उतरावे, हे त्याचे उत्तर. नवशिक्याने सुरुवातीला सीट थोडी खालीच ठेवावी. जाड गादीची सीट हा उपाय नव्हे: गादीने बूड सुखावते, गुडघ्याचा कोन बदलत नाही. उलट कंबर डावी-उजवीकडे डुलू लागली, तर सीट जास्त वर गेली आहे. अर्धा-अर्धा सेंटिमीटर खाली आणा. सीटच्या दांड्यावरची मर्यादेची खूण मात्र फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे. ती बाहेर दिसली तर दांडा मोडू शकतो.