सर्चच्या यादीत नाव लागेपर्यंत

वेबसाइट सर्चमध्ये दिसावी म्हणून एकेकाळी अर्ज करावा लागे, हे आजच्या पंचविशीतल्या डेव्हलपरला सांगितलं तर तो हसतो. १९९३ च्या अखेरीस मार्टाइन कोस्टर यांनी ‘अलीवेब’ काढलं, तेव्हा साइटवाल्यानेच आपल्या पानांची माहिती एका फाइलीत लिहून ठेवायची आणि त्या फाइलीचा पत्ता त्यांना कळवायचा, अशी रीत होती. पुढच्याच वर्षी जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांची याहू सूची आली. तिथे माणसं साइट उघडून बघत आणि वर्गवारीत बसवत, नाहीतर बसवतच नसत.

१९९४ मध्ये वेबक्रॉलर आणि १९९५ च्या डिसेंबरात अल्टाव्हिस्टा आलं तेव्हा पानातला शब्दन्‌शब्द यंत्र वाचू लागलं. पत्ता टाकला की पान यादीत. मग ‘शेकडो सर्च इंजिनांत नोंदणी करून देऊ’ म्हणणाऱ्यांचं पेव फुटलं. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द पुन्हापुन्हा लिहायचा, कीवर्डच्या मेटा टॅगमध्ये सिनेनट्यांची नावं भरायची, असे एकेक उद्योग! तो टॅग आपण क्रमवारीत विचारातच घेत नाही, हे गूगलने २००९ मध्ये जाहीर केलं, तरी तो भरून देण्याचे पैसे घेणारे मला त्यानंतरही बरीच वर्षं भेटत होते.

गूगलने १९९८ मध्ये सुरुवात केली ती सुमारे २ कोटी ६० लाख पानांवर. २००० साली आकडा १०० कोटींवर गेला. क्रॉलर एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर जाई, त्यामुळे अर्जाला फारसा अर्थ उरला नाही. ओळखीच्या साइटने लिंक दिली की काम झालं.

हे सगळं इंग्रजीचं. मराठीची रड वेगळीच होती. त्या काळातली बहुतेक मराठी पानं कुठल्या ना कुठल्या खासगी फाँटात असत आणि फाँट म्हणजे रोमन अक्षरांवर चढवलेले देवनागरी मुखवटे. कृतिदेव फाँटात ‘मराठी’ लिहा. पडद्यावर मराठीच दिसेल, पण फाइलीत साठलेलं असे ई, जे, के, बी, एच. क्रॉलर यायचा, पान घेऊनही जायचा, आणि त्याच्या लेखी त्यात ‘मराठी’ हा शब्दच नसायचा. दुसऱ्या कंपनीच्या फाँटात त्याच शब्दाची रोमन अक्षरं आणखी निराळी. वाचकाला पान दिसावं म्हणून फाँट आपोआप उतरवण्याची सोय आली, पण तिने डोळ्यांचं भागलं, यंत्राचं नाही. वर्तमानपत्रांचे अग्रलेख वर्षानुवर्षं जालावर होते आणि शोधायला गेलं तर नव्हते.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती. पण सर्वसाधारण संगणकावर ती धड दिसायला विंडोज २००० आणि एक्सपी उजाडावं लागलं. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला, हळूहळू दैनिकंही युनिकोडकडे वळली. आपल्या सर्च-इतिहासातली सर्वांत मोठी घटना मी हीच मानतो; बाकीचे बदल अमेरिकेत झाले आणि आपल्यापर्यंत पोचले. शासकीय आणि सहकारी संस्थांच्या पीडीएफमध्ये जुने फाँट किंवा नुसती स्कॅन केलेली चित्रं अजूनही आढळतात, तो विषय निराळा.

जून २००५ मध्ये गूगलने साइटमॅप आणला. पुढच्या वर्षी याहू आणि मायक्रोसॉफ्टनेही तोच नमुना स्वीकारला. एका फाइलीत जास्तीत जास्त ५०,००० पत्ते. अलीवेबचीच कल्पना फिरून आली म्हणायची, फक्त आता ती विनंती नव्हती, सूचना होती. ऐकणं न ऐकणं क्रॉलरच्या मर्जीवर.

ती मर्जी २००८ मध्ये उघड झाली. एक लाख कोटी वेगवेगळे पत्ते आपल्याला दिसल्याचं गूगलने त्या जुलैत सांगितलं आणि त्याच दमात हेही सांगितलं, की ते सगळे आपण इंडेक्समध्ये घेत नाही. सापडणं आणि ठेवलं जाणं यांची फारकत तिथे झाली. जुलै २०१८ मध्ये कुणालाही पत्ता टाकता येईल असा गूगलचा सार्वजनिक रकाना बंद झाला. साइटमॅप बदलल्याचं कळवणारा ‘पिंग’ही २०२३ मध्ये मोडीत निघाला, कारण त्यातून येणारा बहुतेक माल स्पॅम होता. दरम्यान मायक्रोसॉफ्ट बिंग आणि यांडेक्स यांनी २०२१ मध्ये ‘इंडेक्सनाऊ’ काढून कळवण्याची वाट पुन्हा उघडली. गूगल त्यात सामील झालं नाही.

आज गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये जो शेरा साइटमालकांना छळतो, त्याचा आशय ‘पान पाहिलं, सध्या इंडेक्समध्ये घेतलेलं नाही’ एवढाच. कारण दिलेलं नसतं. पान सर्चमध्ये दिसत नाही अशी तक्रार आली, की मी आधी रोबोट्स फाइल बघतो. ही फाइलही कोस्टर यांचीच, १९९४ ची. साइट बांधताना डेव्हलपर ‘डिसअलाऊ’पुढे एक तिरकी रेघ टाकतो आणि साइट सुरू झाल्यावर ती काढायची राहते, तेवढ्याने क्रॉलर सगळ्याच पानांपासून लांब राहतो. पण पान पाहिल्याचा शेरा असेल तर दोष तिथे नसतो.

मग बघायचं, की त्या पानावर साइटच्या आतून तरी लिंक आहे का. दिवाळी अंकांच्या साइटवर ती बहुधा नसते: मुखपृष्ठाचं मोठं चित्र, खाली अनुक्रमणिका, तीही चित्रच, आणि लेख कुठेतरी आत. इंडेक्सिंगची विनंती करणारं बटण रोज दाबत बसण्यापेक्षा ती अनुक्रमणिका अक्षरांत टाइप करून प्रत्येक नावाला लिंक द्या, असं मी संपादकांना सांगतो. त्यांना चित्र जास्त आवडतं.