लाल शेपटीची विमाने

कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाने अमेरिकन युद्धपटावर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. मलाही वाटते. विमानाच्या बाबतीत माझी मजल खिडकीजवळची जागा मागण्यापलीकडे गेलेली नाही. पण गेल्या सुटीत आमच्या कन्येने आग्रहाने 'रेड टेल्स' हा २०१२ सालचा चित्रपट घरी लावला आणि त्यापायी आम्हा बापलेकीत जो वाद जुंपला, तो अजून मिटलेला नाही.

चित्रपट दुसऱ्या महायुद्धातला आहे. जॉर्ज ल्यूकस या निर्मात्याने तो पदरचे पैसे घालून काढला. सगळे नायक कृष्णवर्णी, म्हणून मोठ्या कंपन्या पैसा लावायला तयार होईनात, असे त्याने स्वतःच सांगितले आहे. इटलीतल्या तळावर काळ्या वैमानिकांचे एक पथक आहे. त्यांच्या वाट्याला जुनी विमाने आणि किरकोळ कामे येतात. पुढे त्यांना नवी मस्टँग विमाने मिळतात, त्यांच्या शेपट्या लाल रंगवल्या जातात आणि गोऱ्या सैनिकांच्या बॉम्बफेकी विमानांचे रक्षण त्यांच्याकडे येते. आकाशातली झुंज पाहताना मीही खुर्चीच्या कडेला येऊन बसलो होतो. संवाद मात्र असे की, आमच्या एखाद्या विद्यार्थ्याने लिहिले असते तर निम्मे मी लाल शाईने खोडले असते. असो.

यामागचा इतिहास मात्र खरा आहे. काळा माणूस बुद्धीने कमी आणि धैर्याने कच्चा, असा निर्वाळा अमेरिकी लष्कराच्या युद्ध महाविद्यालयाने १९२५ साली एका अहवालात देऊन ठेवला होता. १९४१ साली अलाबामातल्या टस्कीगी येथे काळ्या तरुणांना विमानविद्या शिकवायला सुरुवात झाली, ती त्यांना वेगळे ठेवूनच. पहिल्या वर्गात तेरा जण होते. त्यांतले पाच मार्च १९४२ मध्ये वैमानिक होऊन बाहेर पडले.

त्या पाचांतला एक बेंजामिन डेव्हिस. पुढे तोच या लाल शेपट्यांचा सेनानी झाला. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात तो १९३२ ते १९३६ अशी चार वर्षे होता. खोलीत सोबती नाही, जेवताना गप्पा नाहीत. कामापुरते सोडले तर चार वर्षे कोणी त्याच्याशी शब्द बोलले नाही. कंटाळून तो निघून जाईल, ही अपेक्षा. तो गेला नाही. २७६ जणांत पस्तिसावा येऊन बाहेर पडला. वायुदलात येऊ द्या म्हणाला, तर उत्तर मिळाले की काळ्यांचे पथकच नाही, तुला ठेवायचे कुठे?

हे सारे वाचून मी भारावून गेलो होतो. रात्री जेवताना सौभाग्यवतींना मोठ्या ऐटीत सांगितले, "यांच्या पहाऱ्यातले एकही बॉम्बफेकी विमान शत्रूला पाडता आले नाही!" ही ख्याती १९४५ सालीच वर्तमानपत्रांतून पसरली होती आणि साठ वर्षे सगळे ती सांगत आले होते.

दुसऱ्या दिवशी पोहे खाताखाता कन्या म्हणाली, "बाबा, ते खरं नाही. सत्तावीस पडली."

अमेरिकी वायुदलाच्याच इतिहासकाराने जुनी कागदपत्रे तपासून हा आकडा काढला आहे. मला रागच आला. इतके सोसलेल्या माणसांच्या कीर्तीला कशाला ओरखडा काढायचा?

"त्यांच्या जोडीच्या इतर गटांच्या पहाऱ्यातली सरासरी शेहेचाळीस पडली," ती म्हणाली. "गोऱ्यांकडे कोणी शून्य मागितलं होतं का?"

मी पोहे खात राहिलो. १९४३ साली एका वरिष्ठ गोऱ्या अधिकाऱ्याने, हे लोक पुरेशा आवेशाने लढत नाहीत, असा शेरा मारला, तेव्हा डेव्हिसला वॉशिंग्टनमध्ये उत्तरे द्यावी लागली होती. पुढे जानेवारी १९४४ मध्ये त्याच पथकाने अँझिओवर दोन दिवसांत शत्रूची तेरा विमाने पाडली, तेव्हा कुठे तोंडे बंद झाली.

चित्रपटात पुढे गोरे वैमानिक क्लबात बोलावून यांना दारू पाजतात. खुद्द अमेरिकेत काय चालले होते? एप्रिल १९४५ मध्ये इंडियानातल्या फ्रीमन फील्ड तळावर काळे अधिकारी गोऱ्यांच्या क्लबात शिरले. वेगळे क्लब मान्य असल्याच्या कागदावर सही करायला १०१ जणांनी नकार दिला आणि ते अटकेत पडले. सैन्यातला भेद मोडण्याचा ट्रूमन यांचा हुकूम निघाला १९४८ साली.

जोतीरावांची 'गुलामगिरी' मी वर्गात शिकवतो. १८७३ सालचे ते पुस्तक त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले आहे. मुले तारीख लिहून घेतात आणि पान उलटतात. मीही उलटत असे. यंदा त्या पानावर तास संपला.

मी म्हणतो, चित्रपट काढावा तर वेस्ट पॉइंटमधल्या त्या चार मुक्या वर्षांवर. कन्या म्हणते, "बाबा, तो तुमच्याशिवाय कोणी पाहणार नाही." दिवाळीत तिच्या मैत्रिणी यायच्या आहेत. 'रेड टेल्स' पुन्हा लागणार आहे. पुढची खुर्ची मी आताच सांगून ठेवली आहे.